पटावरची पोरं गेली कुठं?

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, ३ जानेवारी २०२४ रोजी, घोटी इथं पालक आणि विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. त्यात संघटनेच्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण इथं देत आहोत. भाताची सोंगणी-झोडणी उरकून पुष्कळ माणसं कामाला बाहेर पडली आहेत, त्यांना येता आलं नाही. वाडीवर ज्याला वाचता येतं त्यानं सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवावं. – संपादक)

बायांनो, बापांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरांनो, जोहार.

आज सकाळपासून पोरांनी गाणी म्हटली, सावित्रीबाईंचं नाटक केलं. नाटकात ज्या पोरीला शेण मारायचं होतं तिला शेण मारायला कुणी तयार होईना, शेवटी ओल्या मातीवर भागवलं. सगळे हसलो. पण मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते नाटक नव्हे. दाराशेजारच्या भिंतीवर जो तक्ता लावलाय, तो. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जेवायला जाण्याआधी वाचावा. वाचता येत नसेल तर कुठल्याही पोराला हाताला धरून न्यावं आणि वाचून घ्यावं.

आपल्या एका वाडीवरच्या तिसरी-चौथीच्या पोरांनी तो केलाय. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा वर्गात पोरं कमी दिसली. गुरुजींनी हजेरी घेतली, नाव पुकारलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "गेला." पुढचं नाव. "गेली." गुरुजी म्हणाले, नुसतं गेला-गेली काय म्हणता, कुठं गेला ते लिहा. म्हणून पोरांनी पाच रकाने आखले. नाव. इयत्ता. कुठं गेला. कुणाबरोबर गेला. कधी येणार. दर सोमवारी एक पोरगा आणि एक पोरगी मिळून तो तक्ता पुरा करतात. आजपर्यंत त्यावर बारा नावं चढलीत. कुठं गेला या रकान्यात लिहिलंय : भट्टीवर, भट्टीवर, द्राक्षाला, भट्टीवर, बांधकामावर, द्राक्षाला. कुणाबरोबर : आईबापाबरोबर. फक्त एका नावापुढं लिहिलंय, "माहीत नाही". आणि कधी येणार हा शेवटचा रकाना जवळजवळ सगळा कोरा आहे.

पोरांना जे सुचलं ते आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही. आपण जमिनीचे दावे मोजले, मोर्चाला किती माणूस आलं ते मोजलं. आपली किती पोरं शाळेतून उठून गेली ते कधी मोजलं नाही. म्हणून आज मी त्या तक्त्यावरच बोलणार आहे. आणि "माहीत नाही" या दोन शब्दांवर बोलणार आहे.

"माहीत नाही" म्हटलं की मला उभाड्याची आठवण येते. घोटीपासून लांब नाही. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ती कातकरी वस्ती पाहिलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथली दहा वर्षांची एक पोर नाशिकच्या इस्पितळात वारली. मेंढ्या वळायला ठेवलेली होती. शेवटी आजारी अवस्थेत झोपडीपुढं आणून सोडली, तेव्हा लोकांना कळलं. मग एकेक करून उघडं पडलं, की तिच्यासारखी आणखी पोरं नगर जिल्ह्यात मेंढ्यांमागं आहेत. पाचशे रुपये आणि एक मेंढरू, एवढ्यावर पोर दिलेलं. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो विषय लावून धरला, घोटीच्या पोलीस ठाण्यात वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला, पोरं सोडवून आणली गेली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. म्हणजे कायदा त्या पोरीच्या आईबापाच्याही आधी जन्माला आलेला असेल. तरी पोर गेली.

त्या वेळी पेपरात पुष्कळ छापून आलं. बाहेरचे लोक म्हणाले, कसले आईबाप, पोटचं पोर विकलं. बायांनो, मला त्या बोलण्याची चीड येते. पाचशे रुपये घेणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात आवणीची कामं संपली की सोंगणीपर्यंत हाताला काम नसतं. ज्याची स्वतःची गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरात त्या दिवसांत काही नसतं. आणि ज्याच्याकडे मेंढ्या होत्या तोही रानोमाळ फिरणाराच माणूस. गुन्हा झाला असेल तर त्याची शिक्षा कोर्टानं द्यावी. पण मेंढ्यांच्या वाड्याबरोबर फिरणाऱ्याची स्वतःची पोरंही शाळेबाहेरच असतात, हेही आपण विसरू नये. गरिबाचं पोर गरिबाच्याच मेंढ्यांमागं गेलं. वर बसलेल्यांना त्याची झळ लागली नाही.

मला मात्र दुसरा प्रश्न पडतो. ते पोर शाळेच्या वयाचं होतं. वस्तीजवळ शाळा आहे, गावात अंगणवाडी आहे, पंचायत आहे, आपल्यासारख्या संघटना आहेत. एक पोर वर्ष-वर्ष दिसत नाही, आणि कुणीच विचारत नाही, की ती कुठंय? त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारनं 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' नावाची मोहीम घेतली होती. घरोघर जाऊन शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम. शोधणाऱ्यांना ही पोरं सापडली नाहीत. आणि आपल्याला तरी कुठं सापडली?

आता त्याच सालची दुसरी गोष्ट ऐका. उभाड्यानंतर जेमतेम महिन्याभरानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आपल्याच तालुक्यातली दरेवाडीची पोरं नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. दरेवाडी म्हणजे भाम धरणानं उठवलेली माणसं. धरणाला जमीन गेली, घरं गेली, आणि मग होती ती शाळाही बंद केली. पोरांनी पाठीला दप्तर लावलं, बरोबर बकऱ्या घेतल्या आणि घोषणा दिली : "दप्तर घ्या, बकऱ्या द्या." एल्गार कष्टकरी संघटनेनं, भगवान मधे यांनी तो मोर्चा काढला. शाळा देत नाही ना, मग हे दप्तर तुमच्याकडे ठेवा आणि आम्हाला बकऱ्या द्या, त्या तरी वळतो. साहेब लोकांना बकऱ्या आवारात पाहून काय बोलावं कळेना. शेवटी शाळा पुन्हा भरवण्याचं कबूल करावं लागलं.

पुष्कळांनी तो मोर्चा गमतीचा म्हणून पाहिला. फोटो काढले. मला त्यात गंमत दिसली नाही. उभाड्याची पोर नुकतीच मेंढ्यांमागं गेली होती, आणि दरेवाडीची पोरं सरकारला सांगत होती, की आमच्यापुढं दोनच वाटा आहेत. एक शाळेची, एक बकऱ्यांची. पहिली तुम्ही बंद केलीत. पोरांनी कोड्यात सांगितलं नव्हतं, सरळ हिशेब सांगितला होता.

आता शाळा बंद का होतात ते बघू. त्याच सप्टेंबर महिन्यात सरकारनं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागवली होती. राज्यात अशा चौदा हजारांवर शाळा आहेत. आणि गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २१ सप्टेंबर २०२३ ला, शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं, की अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करा, त्याचे प्रस्ताव पाठवा. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ यांचं उदाहरण दिलंय. लहान शाळेत पोरांना खेळायला सोबती नसतात, शिक्षक कमी असतात, मोठ्या शाळेत सगळं मिळेल, आणायला-न्यायला गाडी देऊ, असं म्हणतात.

ऐकायला वाईट वाटत नाही. शहरातल्या माणसाला तर बरंच वाटेल. पण इगतपुरी तालुक्यात आषाढात गाडी वाडीपर्यंत येते का, हे पत्र लिहिणाऱ्यानं एकदा येऊन पाहावं. ओहोळाला पूर आला की आपल्याला दवाखान्यात जाता येत नाही, बाळंतीण डोलीत घालून आणावी लागते. तिथं सहा वर्षांचं पोर रोज गाडीत बसून चार-पाच कोस जाऊन परत येणार? पहिल्या पावसाळ्यात आई म्हणेल, राहू दे घरी. मुलगी असेल तर पहिल्या पावसाळ्यापर्यंतही थांबणार नाहीत.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. आपल्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत पाहिजे. शाळेपर्यंत पोहोचायची जबाबदारी पोराची नाही. पोरापर्यंत शाळा पोहोचवायची जबाबदारी सरकारची आहे.

पण साथींनो, मोर्चा काढून, कायदा दाखवून आपण शाळा वाचवू, आणि पट मात्र घटतच राहील, तर किती वर्षं वाचवू? म्हणून तक्त्याकडे परत या. वाडीची पोरं जन्माला यायची बंद झालेली नाहीत. ती भट्टीवर आहेत. द्राक्षाच्या बागेत, पाल ठोकून, झाडाला बांधलेल्या झोळीतल्या भावाला झोका देत बसलीत. मोजणारा साहेब जानेवारीत येतो, वर्गात डोकी मोजतो, आणि लिहून नेतो की इथं मुलंच नाहीत.

आणि माणसं का जातात? इथं उत्तर देणारे तुम्हीच आहात. भात एकदाच येतं. थोडी नागली, वरई. तेही ज्याच्याकडे जमीन आहे त्याचं. इगतपुरीइतका पाऊस नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुठं पडत नाही. दारणा धरण इंग्रजांनी बांधलं, मग वैतरणा, मुकणे, भावली, भाम. वैतरणेचं पाणी मुंबईला, दारणेचं पाणी खाली नगरच्या कालव्यांना. आणि आपल्या बाया मार्च लागला की हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत. रेल्वेला जमीन आपली, हमरस्त्याला आपली, आता समृद्धी महामार्ग गेल्या मे महिन्यात आपल्या भरवीरपर्यंत खुला झाला, त्यालाही याच तालुक्याची जमीन. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही, दुसरं पीक नाही म्हणून दिवाळीनंतर काम नाही, काम नाही म्हणून मुकादमाची उचल, उचल घेतली म्हणून भट्टी, आणि भट्टीवर आई गेली की पोर मागं. पोर मागं गेलं की पट घटला. पट घटला की शाळा बंद. शाळा बंद झाली की पोर बकऱ्यांमागं, आणि मोठं होऊन पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात.

म्हणून कुणी मला विचारतं, ताई, तुम्ही जमिनीची संघटना, शाळेत कशाला पडता? तेव्हा मी सांगते, शाळेचा पट आणि जमिनीचा सात-बारा ही एकाच कागदाची दोन पानं आहेत.

यावर एक जुनी आठवण सांगते, तुमच्यातल्या पुष्कळांची आहे. मार्च २०१८. किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला निघाला. याच रस्त्यानं गेला, घोटीवरून, कसारा घाट उतरून. मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची माणसं, पायात चपला नाहीत, टाचांची सालं निघालेली. सहा दिवस चालून शीवला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी, १२ मार्चला, मुंबईत दहावीच्या पोरांचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर रस्ते तुंबले असते. तेव्हा थकलेली ती माणसं रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत चालून आझाद मैदानात जाऊन बसली. कुणाच्या पोरांसाठी? मुंबईच्या पोरांसाठी, ज्यांना आपली वाडी कुठं आहे ते ठाऊक नाही. ज्यांचं स्वतःचं शिक्षण झालं नाही त्यांना दुसऱ्याच्या पोराच्या परीक्षेची किंमत कळली. मला त्या रात्रीचा फार अभिमान वाटतो. आणि म्हणून विचारते, दुसऱ्याच्या पोराचा पेपर चुकू नये म्हणून आपण रात्रभर चाललो, मग आपल्या पोराची चार महिन्यांची शाळा बुडते तेव्हा आपण काय करतो?

त्याच सालच्या जुलैत आपली वसतिगृहातली पोरंही चालली होती. खानावळ बंद करून खात्यात पैसे टाकायचा निर्णय झाला, त्याच्याविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी निघाली. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी अडवलं. ती पोरं भीक मागत नव्हती. पैसे वेळेवर येत नाहीत, आणि आले तरी घरची अडचण पाहून पोर ते घरी पाठवतं आणि आपण उपाशी राहतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

आता एक कडू गोष्ट. मागच्या बैठकीत एका बापानं उठून विचारलं, "ताई, शाळेत पाठवून तरी काय? माझं पोर सातवी झालं, त्याला दुकानाची पाटी वाचता येत नाही. भट्टीवर निदान पोटाला मिळतं." सगळे गप्प झाले. मीही गप्प झाले, कारण तो खोटं बोलत नव्हता. आपण शाळा वाचवायची म्हणतो तेव्हा नुसत्या भिंती वाचवायच्या नाहीत. गुरुजी येतात का, आले तर शिकवतात का, की त्यांना मतदार याद्या, सर्वे आणि मोबाईलवरच्या माहित्या भरण्यातच जुंपलंय, हे बघणं आपलं काम आहे. त्यासाठी कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. त्यात शंभरातले पंच्याहत्तर सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या बाया पाहिजेत. आपल्या किती वाड्यांवर समितीची बैठक होते? बहुतेक ठिकाणी वही घरी येते आणि आपण सही नाहीतर अंगठा करून देतो. कशावर केला ते विचारत नाही. सात-बाऱ्यावर असा अंगठा करू का आपण? आपल्या आज्यांनी केला होता, सावकाराच्या कागदावर. त्याची फळं आपण अजून भोगतोय.

अंगठ्याचं निघालंच आहे तर माझ्या घरचं सांगते. आम्ही दोघं भावंडं. आईबाप दरसाल दिवाळीनंतर द्राक्षाला जायचे. माझी आजी माझ्यापाशी राहिली. ती म्हणाली, हिला ठेवा, मी हिला भाकर करून घालीन. भाऊ लहान होता, आईच्या अंगावर होता, तो तिच्याबरोबर गेला. पुढं तो शाळेत जाऊ लागला तरी दरसाल चार-पाच महिने बाहेरच. एका वर्षी परत आला तर त्याचं नाव पटावरून काढलेलं. कुणी काढलं, का काढलं, आम्ही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मी आज इथं कागद हातात घेऊन उभी आहे. माझा भाऊ माझ्यापेक्षा हुशार होता, डोक्यात हिशेब पटापट करायचा. तो आज मुकादमाच्या वहीवर अंगठा करतो. आमच्या दोघांत फरक काय? एक म्हातारी मागं राहिली, एवढाच. म्हणून मला वाटतं, हा प्रश्न फार मोठमोठ्या शब्दांनी सुटणार नाही. कुणीतरी मागं राहिलं पाहिजे.

आणि पोरं शिकली की काय होतं तेही सांगते. मागच्या वर्षी एका वाडीवर वनहक्काचे दावे तयार करायचे होते. म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे होते. नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरलेला आहे. मी एकटी किती लिहिणार? मग सातवी-आठवीच्या मुली बसल्या. आजोबा सांगतात, मुलगी लिहिते, मग मोठ्यानं वाचून दाखवते. एक आजोबा म्हणाले, "मी सांगितलं तसंच लिहिलंस ग, साहेबानं लिहिलं की ते वेगळंच असतं." पोरांनी दोर घेऊन बांध मोजले. गुरुजींनी त्यातच क्षेत्रफळाचा धडा उरकला. त्या मुलींना आज विचारा. १३ डिसेंबर २००५ ही तारीख कसली, एका घराला जास्तीत जास्त किती हेक्टर, पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागतं की नाही. त्या चार हेक्टर सांगतील, आणि बायकोचं नाव लागलंच पाहिजे हेही सांगतील.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते आपण वापरतच नाही. तीन-दोन. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे, एवढीच अट. त्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे. तेव्हा "ही जमीन वनखात्याची, इथं शाळेची खोली होणार नाही" असं कुणी सांगितलं, तर हे कलम दाखवायचं आणि ग्रामसभेचा ठराव हातात द्यायचा.

आता आपल्या स्वतःच्या चुकीचं बोलते. संघटनेच्या लोकांना राग आला तरी चालेल. आपण मोर्चात पोरं नेतो. कधी मागं ठेवायला कुणी नसतं म्हणून, कधी फोटोत बरं दिसतं म्हणून. दरेवाडीची पोरं स्वतःच्या शाळेसाठी चालली, ते वेगळं. पण पट्ट्याच्या धरण्याला, दाखल्याच्या मोर्चाला शाळेच्या दिवशी पोरांच्या हातात फलक कशाला? मागच्या धरण्यात चौथीतली एक पोर मला म्हणाली, "बाई, उद्या माझी चाचणी आहे." मी तिला म्हटलं, "आज इथं शिक की." नंतर मला माझीच लाज वाटली. भट्टीवाला पोराला शाळेतून नेतो ते चूक, आणि आपण नेतो ते बरोबर, असं नसतं. आजपासून ठरवू : शाळेच्या दिवशी पोर शाळेत. मोर्चात आपण.

आता काय करायचं ते सांगते आणि थांबते.

एक. तो तक्ता प्रत्येक वाडीवर झाला पाहिजे. पोरांनी करायचा, मोठ्यांनी हात लावायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याची नक्कल संघटनेकडे. ज्या नावापुढं "माहीत नाही" लिहिलंय, त्या घरी त्याच आठवड्यात दोन माणसांनी जायचं. आरोप करायला नाही. विचारायला, आणि घरात दाणा आहे का ते बघायला.

दोन. ज्यांना जावंच लागतं त्यांनी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जायचं. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत पोराला बसवायचं. दाखला नाही, जन्माची नोंद नाही, म्हणून कुठलीही सरकारी शाळा पोराला परत पाठवू शकत नाही. पाठवलं तर आम्हाला कळवा. आणि इकडे गावच्या पटावरून नाव कमी करू द्यायचं नाही.

तीन. हंगामी वसतिगृहाची मागणी समितीच्या ठरावानं लेखी द्यायची, सोंगणीच्या आधी, श्रावण-भाद्रपदातच. या वर्षी उशीर झालाय. तोवर जिथं दोन-तीन म्हाताऱ्या मागं आहेत तिथं पोरांचं एकत्र जेवण-झोपणं करू. तांदूळ संघटना गोळा करील. नागली तुम्ही द्या.

चार. समितीवर येत्या निवडीत वाचता येणारी एक तरी बाई पाहिजे. नसेल तर भांडता येणारी पाहिजे.

पाच. समूह शाळेचा प्रस्ताव गावात आला तर ग्रामसभेशिवाय कुणी एकट्यानं सही करायची नाही.

शेवटी पोरांसाठी एक. आज सावित्रीबाईंची जयंती. पुण्यात मुलींची शाळा निघाली ते साल १८४८. तुमच्या पुस्तकात आहे. आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या पुस्तकात सापडायची नाही. त्याच सालच्या २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगऱ्यांना फाशी दिलं. आपल्या डोंगरापलीकडचे, अकोल्याच्या देवगावचे राघोजी. सावकार जमिनी लिहून घेत होते, त्याविरुद्ध उठले होते. एकाच वर्षी तिकडे एक बाई पोरींच्या हातात पाटी देत होती, आणि इकडे आपला माणूस जमिनीपायी फासावर जात होता. दोघांची एकमेकांशी ओळख झाली नाही. ती ओळख आपण करून द्यायची आहे.

१९९२ साली सरकारनं आपल्यासारख्या गरीब घरच्या पोरींना शाळेत आलं की दिवसाला एक रुपया भत्ता ठरवला. कुणाला तो मिळाला, कुणाला नाही. तिकडे उभाड्यात पोराची किंमत पाचशे रुपये लागली. पोरांनो, तुमची किंमत या दोघांनाही ठरवू द्यायची नाही. तुम्ही फक्त तक्ता पुरा करा. शेवटचा रकाना कोरा आहे, कधी येणार हा. तो भरायचं काम आता आम्हा मोठ्यांचं.

जिंदाबाद.

(मेळाव्यात पाचही ठराव हात वर करून मंजूर झाले. तक्त्याचा नमुना मागच्या पानावर छापला आहे. रकाने तेच ठेवावेत. ज्या वाडीवर शाळाच नाही तिथल्या पोरांनी अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा.)